अक्कांचा वीतभर अपुरा पडदा

त्या संध्याकाळी नेहमीसारखा पडद्याच्या फटीतून अक्कांचा हात आला. हातात सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे रोजचंच होतं. दिवेलागणीला त्या शिवण घेऊन बसायच्या आणि मी नेमकी कणकेत हात घातला की हाक यायची, "ए रजनी, दोरा ववून दे गं. हे नेढं काय मला दिसंना." मी हात धुतले, दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई परत दिली. "गाठ कशाला मारलीस? तुझी गाठ सुटती," असं म्हणत त्यांनी माझी गाठ दातानं तोडली आणि स्वतःची मारली. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. सकाळी त्याच फटीतून भाऊजींचा आवाज आला, "रजनी, जरा इकडं ये. ही उठंना..." मी पडदा बाजूला सारला तेव्हा अक्का कुशीवर निजल्या होत्या, हात उशाखाली, चेहरा अगदी शांत. माझ्या मनात आधी आलं ते हेच, की आता माझ्या गाठीला कोण नावं ठेवणार.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर बेलापूरचं, सासर श्रीरामपूरचं, आणि बोलणं शेवटपर्यंत बेलापूरचंच. भाऊजी म्हणजे त्यांचे यजमान, माझे मोठे दीर. साखर कारखान्यात होते. आमचे हे धाकटे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घर सासऱ्यांनी बांधलेलं, एकच. मध्ये एक लांबलचक खोली, तिच्या एका टोकाला अक्कांची चूल आणि दुसऱ्या टोकाला माझी. चुली लग्नानंतर लवकरच वेगळ्या झाल्या, कारण अक्कांना माझी आमटी पाणचट लागायची आणि मला त्यांची तिखट. त्यात भांडण नव्हतं. वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या, आणि बहुतेक वेळा माझी मुलगी प्रिया त्यांच्याकडे जेवायची आणि त्यांचा अमोल माझ्याकडे.

मातीला आणि नंतर भेटायला जी माणसं आली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी अक्कांच्या हातचं काहीतरी असणार. कुणाचा दप्तराचा बंद, कुणाची बदललेली चेन, कुणाच्या मुलीचा गणवेश, जो दर वर्षी थोडा थोडा उसवून तिच्या उंचीबरोबर वाढवला. अडकलेल्या चेनला त्या मेणबत्ती घासायच्या. मोडक्या छत्रीचं कापड काढून बाजाराच्या पिशव्या करायच्या, जुन्या जीन्सचे गरम भांडी धरायचे चौकोन. "टाकायचं काय असतं त्यात?" हा त्यांचा कायमचा प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी एकदा फाटका टॉवेल कचऱ्यात टाकला तर तो धुऊन, शिवून, पायपुसणं होऊन आठवड्याच्या आत माझ्याच दारात परत आला. वर, "पाय पूस," असा हुकूम.

मापाला त्या टेप वापरायच्या नाहीत. वीत आणि नजर, बस्स. मी राहुरीहून नवरी होऊन आले तेव्हा त्यांनी मला उंबऱ्यातूनच एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, झालं, ही बाई आता आयुष्यभर खोड्या काढणार. तसं झालंही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर शिवलेलं ब्लाउज ठेवलं आणि ते मला असं बसलं की माझ्या आईनं शिंप्याकडून चार वेळा माप देऊन शिवून आणलेलं कधी बसलं नव्हतं. अक्कांचं माप चुकलं, असं आमच्या गल्लीत कुणी कधी म्हणालं नाही. एकदाच चुकलं, असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो... त्याचंच सांगायला बसले आहे.

पण आधी नाताळचा केक. आमच्याकडे ओव्हन कधीच नव्हता. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाळू, तिच्यावर स्टँड, त्याच्यावर केकचा डबा आणि वर घट्ट झाकण. वाळू प्रवरेची, बेलापूरला माहेरी गेल्यावर आणलेली, सात पाण्यांनी धुतलेली, उन्हात वाळवलेली, चाळलेली. केक झाला की ती गार करून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवायची. वर्षानुवर्षं तीच वाळू. तापून तापून काळपट झाली होती, आणि डबा उघडला की व्हॅनिलाचा वास यायचा. नानकटाई मात्र बेकरीच्या भट्टीत. पीठ, साखर, तूप घरचं घेऊन जायचं, तिथं बसून मळायचं आणि ट्रे भट्टीत द्यायचे. नाताळच्या आधी गर्दी इतकी, की ट्रेची अदलाबदल ठरलेली. म्हणून अक्का शिवणाचं अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी, सोबत न्यायच्या आणि प्रत्येक नानकटाईवर त्याचा शिक्का दाबायच्या. बारीक ठिपक्यांचा गोल. बेकरीवाले चाचा लांबूनच ओरडायचे, "टोपीवाल्या नानकटाया कुनाच्या? या, घेऊन जा."

अशाच एका नाताळच्या तोंडावर घर फुटायची वेळ आली. कारण काय, तर खाट. सासऱ्यांची जुनी लोखंडी खाट आमच्या बाजूला पडून होती. पाय ठेवला तरी कुरकुरायची. आमच्या ह्यांना खोली नवी करायची हौस आली. त्यांनी रंग लावला, स्पंजच्या गादीचा दिवाण आणला आणि खाट भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवली. थोरल्या भावाला विचारलं नाही. भाऊजी पाळी संपवून घरी आले, दिवाण पाहिला, आणि म्हणाले, "बाबाची खाट कुठं हाय?" त्यानंतर जे झालं ते सगळं लिहीत नाही. ती खाट म्हणजे भाऊजींच्या बापाचं आजारपण, त्यांनी त्या खाटेशी बसून काढलेल्या रात्री, हे सगळं तेव्हा वर आलं. शब्दानं शब्द वाढला. आणि दोघं भाऊ असे, की एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. हे म्हणाले, "माझ्या खोलीत मी काय ठेवायचं ते मी ठरवनार." भाऊजी म्हणाले, "तुझी खोली? मग मधी भिंतच घालू की!" "घाला!" तिसऱ्या दिवशी अंगणात विटांची ट्रॉली उतरली. गवंडी म्हणाला, हातातलं काम संपवून नाताळ झाल्यावर येतो.

मी रडत होते. अक्का रडल्या नाहीत. त्या दोन्ही भावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "भिंत यील तवा यील. तवर पडदा तरी लावू. उघड्यावर तोंड फिरवून बसल्यालं चांगलं न्हाई दिसत." त्यांनी स्वतःच्या दोन साड्या घेतल्या, माझ्या दोन मागितल्या, आणि मध्ये सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा जोडला. दोन दिवस दुपारभर मशीन चाललं. पडदा तारेवर चढला, त्याची डावी कड त्यांनी नाड्यांनी भिंतीतल्या खिळ्यांना पक्की बांधली, आणि उजवीकडे, जिथं दोन्ही चुली दिसतात तिथं, तो भिंतीला वीतभर कमी पडला. हे म्हणाले, "वहिनी, कमी पडला की हा." अक्कांनी वरही पाहिलं नाही. "कापड पुरलं न्हाई. भिंतच यायची हाय, तर चार दिवसासाठी कशाला नवं आनायचं?" मला नवल वाटलं. पण घर मोडत असताना पडद्याचं माप कोण मोजत बसतं?

आता त्या फटीनं काय केलं ते सांगते. पहिले काही दिवस दोघं भाऊ तिच्याकडे पाठ करून जेवले. पण फट म्हटली की नजर जातेच. नव्या दिवाणाचा स्पंज इतका मऊ, की ह्यांची कंबर धरली. वाकलं की उभं राहता येईना, उभं राहिलं की वाकता येईना. शेवटी ह्यांनी खाली सतरंजी टाकली आणि दिवाणाशेजारी फरशीवर आडवे झाले. भाऊजी पलीकडे चहा पीत होते. थोड्या वेळानं फटीतून आवाज आला, "गादी काढ आन् फळी टाक. स्पंजावर झोपतंय का कुनी?" ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग परत, "बाबाची खाट असती तर आज असा लोळला नसता." हे हसले, हसताना कंबरेतून कळ आली, म्हणून ओरडले, आणि भाऊजी कपबशी तशीच ठेवून पडदा सारून इकडे आले. त्या दिवशी त्यांनी स्वतः धाकट्या भावाची कंबर शेकली. तोंडानं शिव्या चालूच होत्या.

तरी भिंतीचं कुणी मागे घेईना. मागं कोण घेणार? दोघंही त्यांच्या बापाचेच. तेव्हा अक्का विटांच्या मागे लागल्या. "धुन्याचा दगड हलतोय, चार इटा लागत्यात." "कोंबड्या भिजत्यात, थोड्या खुराड्याला घेते." विटांवर फळ्या टाकून त्यांनी पोरांच्या पुस्तकांचं कपाट केलं आणि विटांना गेरू लावून वर पांढरी नक्षी काढली. दारात जास्वंदीला आळं झालं. माझ्या ओट्याखाली पाट्या ठेवायला विटांची मांडणी झाली, आणि खरं सांगते, ती मीच मागितली. नाताळ होऊन गेला आणि गवंडी आला, तेव्हा अंगणात भिंत कसली, गुडघ्याएवढा कट्टासुद्धा होईल इतक्या विटा उरल्या नव्हत्या. "इटा कुठं हायेत?" तो विचारत राहिला. भाऊजींनी धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं थोरल्याकडे, आणि दोघंही दोन दिशांना बघायला लागले. गवंड्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून मोरीची निघालेली फरशी बसवायला सांगितली. त्या शहाण्यानं सिमेंटात कालवायला वाळू शोधली आणि अक्कांचा बिस्किटांचा डबा उपडा केला! त्याच्यावर अक्का जे बरसल्या, तसं त्या खाटेच्या भांडणातसुद्धा कुणी बोललं नव्हतं. पुढच्या रविवारी दोघं भाऊ मिळून एकाच मोटारसायकलवर बेलापूरला गेले आणि वाळू घेऊन आले. भिंतीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

पडदा मात्र राहिला. तेव्हाची पोरं आता नोकऱ्यांना लागली, पण पडदा तोच. फटीतून डाळीची वाटी गेली, ताप मोजायचं थर्मामीटर गेलं, प्रियाचं लग्न ठरल्याची बातमी गेली, आणि शेवटी शेवटी रोजची सुई. पडदा धुवायचं काम अक्कांनी कधी कुणाला करू दिलं नाही. "तुला नाड्या सोडता येनार न्हाईत," म्हणायच्या. मला वाटायचं, माझ्या गाठींसारखंच हेही.

अक्का गेल्या आणि भाऊजींचं बोलणं थांबलं. जेवण दिलं तर जेवतात, नाही दिलं तर विचारत नाहीत. संध्याकाळी दिवासुद्धा लावत नाहीत. फटीच्या कडेला अक्का बसायच्या ती जागा सोडून पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसतात. अमोल पुण्याहून आला होता. मुलगा गुणी आहे, त्याला बापाची काळजी आहे. म्हणाला, "काकू, मी पप्पांना घेऊन जातो. ही बाजू भाड्यानं देऊ, मधी प्लायवूडचं पार्टिशन करून टाकतो." ह्यांनी मान खाली घातली. भाऊजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. अमोल म्हणाला, येत्या शनिवारी सुतार घेऊन येतो. मला काही सुचेना. ज्या घरात अक्कांनी भिंत येऊ दिली नाही तिथं आता आपल्या डोळ्यांदेखत पार्टिशन बसणार, आणि बोलायचं कुणी? मी धाकटी सून.

काही सुचेना म्हणून मी पडदा धुवायला काढला. नाड्या सोडायला खरंच वेळ लागला. सोडल्या, आणि डावी कड हातात आली तर ती जड. कड मजबूत राहावी म्हणून त्यांनी जाड केली असेल, असंच आम्ही समजत होतो. मी उसवायला घेतली. घडीत घडी, घडीत घडी... आणि आतून साडीचं कापड निघालं, रंग न उडालेलं, दोन विती भरेल इतकं. पडदा भिंतीपर्यंत पोचून वर उरला असता. मी ते कापड मांडीवर घेऊन मोरीच्या दारात बसले आणि खूप रडले. आयुष्यभर ज्या बाईनं माझी एका टाक्याचीही चूक सोडली नाही, तिनं स्वतः एवढी मोठी चूक केली आणि इतकी वर्षं त्यावर आमचं बोलणं ऐकून घेतलं. कापड पुरलं नाही म्हणे!

पडदा धुतला, वाळवला. अक्कांच्या उशाशी सुयांची गादी होती, तिच्यात शेवटच्या दिवसाची सुई तशीच खोचलेली सापडली, दोऱ्यासकट, त्यांनी मारलेल्या गाठीसकट. त्याच दोऱ्यानं मी शिवायला बसले. जुनी घडी होती तशी घातली. मग थोडा विचार केला आणि आणखी एक वीत आत दुमडली.

संध्याकाळी पडदा तारेवर चढवला. नाड्या बांधल्या, माझ्या बांधायच्या पद्धतीनं, सुटायच्या तर सुटू देत. आता माझ्या चुलीपासून भाऊजींचा कोपरा सरळ दिसत होता, आणि त्यांना माझी चूल. मी दिवा लावला. उजेड तिकडे गेला तशी त्यांची मान वळली. किती दिवसांनी...

"कमी पडला का गं हा?"

"कापड पुरलं नाही, भाऊजी."

 मग खुर्ची सरकली. भाऊजी फटीपाशी आले, अक्कांच्या जागेवर बसले, पडद्याची कड हातात धरून पाहिली.

"तीबी हेच म्हनली हुती," ते म्हणाले. "मला तवाच ठावं हुतं. तिचं कापड कधी कमी पडलंय का?" त्यांनी डोळे पुसले. "अमोलला फोन लाव. म्हनावं, सुतार आनू नको."

मी फोन लावला. मग चहा टाकला आणि फटीतून कप पलीकडे दिला.