तोंडात सुपारी नव्हती

नागावला माझ्या सासरी बायका सुपारी सोलायला बसल्या की ओव्या म्हणायच्या, अशी रीत होती. देवाधर्माचं काही नाही हो! गाणाऱ्या तोंडात सुपारी राहत नाही, एवढाच हिशेब. मध्येच कोणी थांबली की सासूबाईंची मान वळायचीच.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात माझा जबडा धरला. सकाळी उठले की कानाखाली ठणका, तोंड उघडायची मारामार. भाकरी दुधात कुस्करून गिळायची. ओवी कुठून म्हणणार? मी मुकी बसू लागले आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं, की सून चोरून सुपारी चघळते, म्हणूनच जबडा दुखतो.

"आ कर गो, बघू," रोज सकाळी फर्मान. आ होईना. मग तर संशय पक्काच!

तेवढ्यात माझ्या माहेरून, तळा गावाहून, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलावणं आलं. नवरामुलगा खादी घालणारा, मास्तर. मला कोण आनंद झाला! पण सासूबाई म्हणाल्या, "खरं काय ते कळल्याशिवाय पाठवायची नाही." मला रडूच कोसळलं. थोरली का नाही आली म्हणून मांडवात विचारणार, आणि चोर ठरवून सुनेला ठेवून घेतलं हे काय लपून राहतं? मग मलाही संशयाची बाधा झाली. थोरल्या जाऊबाई सगळ्यांत मोठ्यानं गायच्या. मी त्यांच्याच गालांवर नजर ठेवू लागले.

एका दुपारी मागच्या पडवीत मला डुलकी लागली. जाग आली ती सासूबाईंच्या किंकाळीनं. मी झोपेत कराकरा चावत होते म्हणे. चोर मुद्देमालासकट सापडला असं वाटून त्यांनी माझ्या तोंडात बोट घातलं आणि मी ते कडकडून चावले! तशातही बाईनं दुसऱ्या हातानं माझे दोन्ही गाल आतून चाचपलेच. सुपारीचं खांडसुद्धा नव्हतं.

"अगो बाई, ही तर झोपेत दात खाते!" बोट फुंकत त्या म्हणाल्या.

मला माहेरी पाठवलं. तिथे लग्नाचे लाडू मी मजेत खाल्ले, जबडा एकदाही दुखला नाही. परत आले आणि दुसऱ्याच सकाळी ठणका हजर. सासूबाई कोंड्याची गरम पुरचुंडी घेऊन शेकायला आल्या. हिला एवढी माया कुठून फुटली? मी आधी पुरचुंडीचा वास घेतला. नुसता कोंडाच होता.

"माहेरी दुखत होता काय गो?"

काय सांगणार, कपाळ! त्यांनी पुरचुंडी माझ्या कानाखाली दाबून धरली.

"माझा पण दुखायचा," त्या म्हणाल्या. "माझी सासू गेली नि थांबला."