मागून आणलेली कुंची

संस्थान विलीन झाल्यावर कोल्हापुरातल्या मोठ्या घरांनी ट्रंका उपसल्या. भरजरी लुगडी चांदी काढून घेणाऱ्यांकडे गेली, आणि ज्यातून काहीच निघण्यासारखं नव्हतं ते आमच्या संग्रहालयाला देणगी म्हणून आलं. अशा रीतीने आमचं वस्त्रदालन उभं राहिलं. बायकांची लुगडी, चोळ्या, मुलींचे परकर, तान्ह्यांची झबली. पुरुषांचे पोशाख मात्र कोणी दिले नाहीत. ते घालायचा प्रसंग पुन्हा येईल असं त्यांना अजून वाटत असावं.

मी तिथे कारकून होतो. अक्षर बरं म्हणून कपाटांतल्या चिठ्ठ्या लिहिणं माझ्याकडे. मजकूर संग्रहालयाचे प्रमुख, आमचे साहेब, सांगत. ते पूर्वी दरबारी नोकरीत होते. दरबार गेला तरी फेटा बांधून, खांद्यावर उपरणं टाकून कचेरीत येत. एका गोधडीची चिठ्ठी त्यांनी ‘शयनप्रसंगीचे आच्छादन’ अशी लिहायला लावली होती.

एका सरदार घराण्याच्या ट्रंकेत एक कुंची निघाली. टोपी आणि पाठीवर सोडलेला झगा एकत्र, तान्ह्या मुलाला घालतात ती. पण ही पाच वेगवेगळ्या तुकड्यांची होती. एक जरीकाठाचा, एक इरकली, एक खणाचा, एक छिटाचा आणि एक चक्क जाडाभरडा मांजरपाट. साहेबांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“लिहा. सरदारपुत्राची समारंभी कुंची. पंचविध वस्त्रांचा संयोग ऐश्वर्याचा द्योतक.”

मांजरपाटात ऐश्वर्य कुठे आलं, हे मी विचारलं नाही. लिहिलं.

दोनेक महिन्यांनी एका मंगळवारी शिवाजी पेठेतली एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावरून पदर. कुंचीच्या कपाटासमोर उभी राहिली ती हलेचना. मग मला म्हणाली, “पावणं, हितं काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. ऐश्वर्यासकट तिने सगळं ऐकून घेतलं.

“आन् ह्ये सांगितलं कुणी? माझ्या ल्योकाची हाय ती.”

मी तिला साहेबांकडे नेलं. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं ते असं. तिची पहिली तीन मुलं गेली होती. चौथ्याच्या वेळी तिने रिवाजाप्रमाणे पाच घरी पदर पसरून कापडाचे तुकडे मागितले आणि त्यांची ही कुंची शिवली. भीक मागून आणलेल्या कपड्यातलं मूल जगतं, अशी समजूत होती. ती ज्या सरदारांकडे दळणकांडण करायची, त्यांच्याच घरचा जरीकाठ होता. मांजरपाट एका हमालाच्या घरचा. मुलगा जगला. पुढे त्या सरदारांच्या घरी मुलं जगेनात.

“मग सरदारीणबाई माझ्या दारात आल्या, पदर पसरून. म्हनल्या, तुझ्या ल्योकाची कुंची पदरात घाल. घातली.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांच्या मनातल्या वंशावळीत हे बसत नव्हतं.

आता तिच्या सुनेची दोन मुलं गेली होती. तिसरा मुलगा झाला होता आणि शुक्रवारी त्याचं बारसं होतं. बारशाला ती कुंची त्याच्या अंगावर पडायला हवी होती.

“मालकीचा पुरावा जोडून अर्ज करा,” साहेब म्हणाले. “समितीपुढे ठेवू.”

“मालकी न्हाय सांगायची, सायेब. माझीच हाय म्हनून नेली तर गुण कसा यील? मागूनच न्याया पायजे.”

“मागून देता येत नाही. मालकी सांगितलीत तर विचार करता येईल.”

“मालकी सांगितली तर मला ती उपेगाची न्हाय.”

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी पक्कं होतं. नियमांच्या पुस्तकात वस्तू उसनी देणं, बदलून देणं, नष्ट करणं यांची कलमं होती. भीक घालण्याचं कलम नव्हतं. साहेबांनी होती ती कलमं तिला वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाले, “बाई, वस्तू या इमारतीबाहेर जाऊ शकत नाही.”

“मग पोरगं आत आनलं तर?”

साहेबांनी पुस्तक पुन्हा चाळलं. तान्ह्या मुलांना मज्जाव कुठेच नव्हता. त्यांना स्वतःला मूल होतं की होऊन गेलं होतं, मला माहीत नाही. घरचं आम्ही कधी बोललो नाही. ते म्हणाले, “शुक्रवारी, उघडायच्या आधी या.”

कुंचीत गुण असतो यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. तरी शुक्रवारी मी वेळेआधी तासभर हजर होतो. बाई, सून आणि सुनेच्या कुशीत हातभर मूल. बाईने पदर पसरला.

“सायेब, पोरं जगनात आमची. तुमच्या घरचं कायतरी घाला.”

साहेबांनी दोन्ही हातांनी कुंची पदरात टाकली. मुलाला ती घातली, त्यात ते निजलं, आणि सुनेने त्याला माझ्या टेबलावर ठेवलं. सून त्याच्या नाकाशी बोट धरून बसली होती. अर्ध्या तासाने मूल उठलं तेव्हा कुंची ओली झाली होती.

सुनेने ती काढून सासूकडे दिली. साहेब पुढे झाले. “आता ती इकडे...”

“घातलेली भीक माघारी घेत न्हाईत, सायेब.”

साहेबांचा हात तसाच राहिला.

“मागा की. मी न्हाय म्हनती व्हय?”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दोन्ही हातांवर पसरलं. “काय म्हणायचं असतं?”

“काय पायजे त्ये म्हना.”

“ती कुंची हवी. संग्रहालयासाठी.”

“असं न्हवं. पोरं जगू देत, म्हना.”

“मुलं जगू देत,” साहेब म्हणाले, दरबारात म्हणावं तसं नाही, हळू. बाईने ओली कुंची उपरण्यात टाकली, नातवाला उचललं आणि दोघी गेल्या. कुंची दोन दिवस साहेबांच्या खोलीत वाळत होती. चिठ्ठी आम्ही काढून ठेवली. नवीन मजकूर साहेबांनी सांगितला नाही आणि मीही मागितला नाही.

चार-पाच वर्षांनी बाई पुन्हा आली, बरोबर चड्डी-सदऱ्यातला नातू. तिने त्याला उचलून काचेतली कुंची दाखवली.

“ह्यात मी मावत हुतो व्हय?” त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो खाली उतरला आणि तलवारी बघायला पलीकडच्या दालनात पळाला. पळू नको म्हणून पहारेकरी ओरडला. बाईने त्याला हाक मारली नाही. तो पळतोय, एवढंच बघत उभी राहिली.