मावशीचा अंगठा मी पाहिलाच नाही

मित्रहो, दुपारी नांदुऱ्याहून परतलोय, तुमचा सल्ला हवा आहे.

सुमनला तिच्या विधवा मावशीनं वाढवलं. आपल्या माघारी दोन एकर शेत सुमनला मिळावं म्हणून मावशीनं गेल्या महिन्यात मृत्युपत्र केलं. अंगठा लावला तेव्हा शेजारचे गुरुजी समोर होते, त्यांनी तिथंच साक्षीदाराची सही केली. दुसरा साक्षीदार मी. पण मावशीच्या पुतण्याची कॉलर धरल्यापासून मला त्या घरात बंदी. मग सुमनच कागद घेऊन वडनेर फाट्यावर आली. तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी सायकलच्या सीटवर ठेवून सही ठोकली.

आज सकाळी मावशीला लकवा मारला. वाचा गेली, माणसं ओळखत नाही. मी घाबरून तहसीलसमोरच्या अर्जनवीस काकांना गाठलं.

"अंगठा लावताना पाह्यला का बे तू?"

"नाही. पण सही माहीच हाय ना!"

"तुह्या सहीचं लोणचं घालू? दोघायनंही अंगठा पाहा लागते, अन् सही तिच्यासमोरच करा लागते."

"मंग नवं मृत्युपत्र करू!"

"ते शुद्धीवर आली तर."

परतलो तर सुमन फाट्यावर उभी. "काय म्हणले काका?"

"काही भेव नाही," मी म्हणालो.

मृत्युपत्र टिकलं नाही, तर शेत पुतण्याकडे जाईल, ते माझ्यामुळे. आणि कोर्टात शपथेवर विचारलं, तर?

मावशी बोलायला लागेपर्यंत गप्प राहू, की आजच सांगू? लवकर सांगा, संध्याकाळी ती पुन्हा विचारणार आहे.