गुलाबभाऊ आणि मागचं चाक

गुलाबभाऊ घराबाहेर पडले की मागे वळून बघत नसत. निघताना मागे बघितलं की काम बिघडतं, असं त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं. डबा विसरला तरी ते परत यायचे नाहीत. कोपऱ्यावर उभे राहून, तोंड रस्त्याकडेच ठेवून ओरडायचे, "वहिनी, डबा!" मग मी हातातलं काम टाकून डबा घेऊन पळायची आणि त्यांच्या पुढे जाऊन द्यायची. मागून दिला तर घ्यायचे नाहीत. असा माणूस ट्रक चालवायला निघाला, यावरून काय ते समजा.

गुलाबभाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. लग्नानंतर मी धुळ्याकडून सुरतला आले तेव्हा ते आमच्याकडेच राहून लूमच्या खात्यात मागावर काम करायचे. मागाच्या आवाजाने डोकं फुटतं म्हणायचे. मग कुठून कुठून शिकून त्यांनी मोठ्या गाडीचं लायसन काढलं. पर्वत पाटियाजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठने त्यांना गाडी दिली. गाडीला क्लीनर नव्हता, मागे बघायला दुसरं कोणी नाही. तरी यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही आरशांना काळे गोंडे बांधले, नजर लागू नये म्हणून. गोंडे एवढे मोठे की आरशात गोंडाच दिसायचा.

पूजा मीच केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी लिंबावरून गेली आणि गुलाबभाऊ असे हसले की मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात गाडी रिव्हर्स घेताना त्यांनी आमच्या सोसायटीचा नळ पाइपासकट पाडला. सगळ्या बायका हंडे घेऊन आमच्या दारात.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. गुलाबभाऊ म्हणाले, "मनी काय चूक शे, वहिनी? नळच मधमा उना."

"नळ कसा येई मधमा? तुमीन उतरीसन देखं व्हतं का?"

"उतरीसन काय देखनं? नळ तं रोज तठेच ऱ्हास."

रोज तिथेच असतो हे माहीत होतं, तरी मधे आला.  मी हंडा उचलला.  त्या दिवसांत पाणी मला पलीकडच्या गल्लीतून आणावं लागलं. गुलाबभाऊ खाटेवर बसून विचार करत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, तू लिंबू डाव्या चाकखाले ठेवा व्हता ना? तठेच गोंधळ व्हयना."

म्हणजे चूक माझी.

पुन्हा पूजा झाली, या वेळी उजवं चाक. मग कापडाची पार्सलं उंच लावलेली गाडी त्यांनी एका मार्केटच्या कमानीखाली घातली. गाडी अडकली ती अडकलीच. पुढे जाईना, मागे येईना, आणि मागे टेम्पोंची रांग. "कमान खाले व्हती," असं घरी येऊन सांगितलं. कमानीवर उंची लिहिलेली होती. ती वाचली का, असं आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "वाचाले खाले कोन उतरस?"

तिसऱ्या वेळी हजिऱ्याला, एका कारखान्याच्या गेटवर. रांगेत गाडी उभी होती. स्टिअरिंगसमोरच्या गणपतीची उदबत्ती विझली म्हणून हे वाकले, ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी हळूच जाऊन पुढच्या ट्रेलरला धडकली. कोणाला लागलं नाही, पण गेटवाल्यांनी यांना आत येणं बंद केलं. शेठने चावी काढून घेतली आणि गोडाऊनला पार्सलं उचलायला लावलं.

नाक्यावरचे ड्रायव्हर त्यांना "धडाम" म्हणायला लागले. "ए धडाम, चाय पी ले!" ते चहा न पिताच घरी यायचे. मी रागावलेली असायची, पण ताटातली भाकरी तशीच राहिलेली बघून राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही. एकदा मला म्हणाले, "वहिनी, गाडी नही भेटनी तं मी गावले चालना जासू. मागवर आते नही बठाव." खरंच गेले असते. गावाला जाऊन काय करणार होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आमचे हे शेठकडे जाऊन विनवून आले. शेठ स्वतः चावी घेऊन घरी आला. दारातच म्हणाला, "गुलाब, आ छेल्लो मोको छे." हा शेवटचा मोका. हजिरा नाही, फक्त बारडोलीच्या फेऱ्या. एक ओरखडा दिसला तर सुरतेत कोणीच गाडी देणार नाही, अशी व्यवस्था करीन म्हणाला.

शेठ गेला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गोंडे सोडेल. गुलाबभाऊ वळून म्हणाले, "वहिनी, आते पूजा नीट कर हां. मांगे दोन्ही दाव तुन्हा लिंबू चुकना."

मागच्या दोन्ही वेळी चुकलं ते माझंच लिंबू! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बरं. आतेपासून रोज सकायले लिंबू ठेवसू. पन कोनता चाकखाले ते सांगाव नही. तुमीन शोधा. न देखता गाडी काढी तं चूक मन्हावर ढकलू नका."

हे त्यांना एकदम पटलं! उतरून बघा म्हणून सांगून जीभ झिजली होती, ते पटलं नव्हतं. लिंबू पटलं.

मग रोज सकाळी मोकळ्या प्लॉटवर, तिथल्या वॉचमनकाकांना सांगून, उभ्या गाडीपाशी जाऊन मी लिंबू ठेवायची. कधी मागच्या चाकाखाली, कधी दोन चाकांच्या मधे. ते वाकून, बसून, गाडीखाली डोकं घालून शोधायचे. सापडलं की लहान पोरासारखे ओरडायचे, "देखाई गयं!" बारडोलीलाही साखर कारखान्याबाहेरच्या चहावाल्याला लिंबू देऊन ठेवायला सांगायचे. धडामचे "लिंबूशेठ" झाले. गाडीवर ओरखडा नव्हता, पण आमच्या घरात सरबताला लिंबू उरत नव्हतं.

शेवटी शेठने गेटवाल्यांशी बोलून त्यांना पुन्हा हजिऱ्याला पाठवायचं ठरवलं. त्या सकाळी मी तापाने पडून होते. लिंबू ठेवायला उठलेच नाही. गुलाबभाऊ डबा घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने चक्क परत दारात. डब्यासाठी कधी न वळलेला माणूस.

"वहिनी! लिंबू नही ठेवा तू! समदा चाक देखी वन्हू."

"ताप शे, भाऊ. जा ना तसंच."

"तसंच कसं जाऊ? आनि मांगे वॉचमनकाका झोपेल व्हतात. रात्री लाइट गयती ना, खाट चाकले लायीसन झोपनात. तेसले उठाडं. लवकर लिंबू दे, उशीर व्हस."

मी तशीच उठून बसले.  काकांची खाट मागच्या चाकाला टेकलेली होती, लिंबू शोधताना दिसली म्हणून यांनी त्यांना उठवलं. आणि हा माणूस माझ्यापुढे हात पसरून लिंबू मागत होता.

मी टोपलीतून लिंबू काढून दिलं. ते गेले, हजिऱ्याहून नीट परत आले. आजही तीच गाडी चालवतात. नाक्यावर, गोडाऊनला, गावच्या लग्नात, जो भेटेल त्याला सांगतात, "वहिनीना लिंबूनी काकास्ना जीव वाचाडा."

लिंबू टोपलीत होतं. मी त्यांना किती वेळा सांगितलं, टोपलीत होतं.