कुंकवाची तुटलेली रेघ

मालक गेले तवा मी शहागडला सडकेवर दगड फोडून राह्यले होते. पाठीशी दोन पोरी. रडत बसले न्हाई, रडून चूल पेटत न्हाई. मंग अंबडच्या एका दवाखान्यात झाडझूड मिळाली. तिथंच केस पिकले.

दवाखान्यात कम्प्युटरची एक मोठी मशीन हाये. सगळ्यांचे एक्स-रे तिच्यात ठिवतात, डॉक्टरीणबाई आपल्या टेबलावरल्या पडद्यावर उघडून बघतात. खंडेनवमीला आम्ही तिची पूजा करतो, शेतात औताची करतात तशी. मागल्या साली मी तिच्या पाठीवरल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर वरून खाली कुंकवाची तिरकी रेघ ओढल्ती. पुसली न्हाई.

औंदा पूजेच्या आधी मशीनवाला आला, खोलून धूळ काढून गेला. दुसऱ्या दिवसापासून फोटो लवकर उघडंनात. मांडी मोडलेला माणूस बाकावर कण्हून राह्यला, अन् पडद्यावर नुसतं चक्र फिरायलं.

मशीनवाल्याला परत बोलावलं. रेघ बघून म्हणला, "घ्या मॅडम! मावशीनं मशीनची नवरी केली. कुंकू आत गेलं."

डॉक्टरीणबाई मला म्हणल्या, "असं असंल तर उद्यापासून येऊ नका, मावशी."

आवाज हालू दिला न्हाई. वाकून बघितलं.

"बाई, माझी रेघ सलग होती. ही मधीच तुटली. वरचा तुकडा खाली आला. ह्यानं पट्टी हालवली."

"त्या पट्टीला आतून कार्ड हाये, मावशी," मशीनवाला म्हणला. "फोटो साठवायच्या डिस्का त्यालाच जोडल्यात. हवा लागावी म्हणून खालच्या खाचेत बसवलं. खाच तेवढीच लांब हाये की!"

"बाहेरून तेवढीच. आतून बघितली का? माझ्या भावाच्या विहिरीवर तीन इंची पाइप होता, आत गाळ बसल्ता. मोटार जोरात, पाणी करंगळीएवढं."

तो हसला. मंग मशीनचं पुस्तक चाळलं, अन् हसू गेलं.

"मॅडम, ह्या कार्डाला आठ वाटा लागतात. खालच्या खाचेत तारा एकाच वाटेच्या हायेत."

कार्ड वर गेलं. मांडीचा फोटो चटकन उघडला. माझी रेघ बराबर जुळली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं न बघताच म्हणल्या, "मावशी, उद्या जरा जल्दी या."

मशीनवाला जाता जाता म्हणला, "ती रेघ पुसू नका बरं."

"फडकं माझ्या हातात हाये," म्या म्हणलं. "तू तुझं कार्ड सांभाळ."