इकरासाठी रंगवलेली खोली

बाळ जन्मलं आणि कुणी नाळ कापायची घाई केली, की डॉक्टर दमयंती शिवलकर त्याच्या हातावर चापट मारत. चांगला मिसरूड फुटलेला, डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा असला तरी मारत! "कुठे गाडी सुटतेय तुझी? बोट ठेव नाळेवर. धडधडतेय ना? म्हणजे बाळाचं रक्त अजून वाटेत आहे. येऊ दे की त्याला!"

रत्नागिरीतल्या त्यांच्या दवाखान्यात १९९८ पासून मेडिकल कॉलेजची मुलं बाळंतपणं शिकायला येत. बाईंचा हट्ट एकच. इथल्या आयांच्याच अंगात रक्त नाही. नवरा मुंबईला, नाहीतर आखातात. घरचं सगळं हिच्या डोक्यावर, आणि जेवायला बसणार ती सगळ्यांच्या मागून. अशा आईचं बाळ पांढरंफटक निघालं तर नवल काय! निदान नाळेतलं तरी त्याच्या पदरात पडू द्या, म्हणत. मुलं शिकत आणि मुंबई-पुण्याला उडून जात. परत फिरकतील तर शपथ!

जीव जडला तो एकीवर. इकरा, हर्णेची, बोटीवरच्या खलाशाची मुलगी. हात असा हलका, की घाबरलेली पहिलटकरीण तिचाच हात धरून बसे. एकदा एक फिकुटलेलं पोर दूध ओढेना, तर त्याला रक्त चढवून होईपर्यंत ही जागची हलली नाही. बाईंना वाटलं, सापडली! माझ्या मागे हीच इथलं बघणार. पण तोंडाने बोलायचं नाव नको. हुशार पोर, कशाला अडकवायची, असं स्वतःलाच समजावत त्यांनी निरोपाला ओले काजूगर बांधून दिले. "जा, मोठी हो," म्हणाल्या. इकरा गेली, पुढे शिकली, लग्न करून मस्कतला डॉक्टर झाली. बाईंना मात्र रोज एकदा तरी तिची आठवण येई, आणि आली की दिवसभर कशात लक्ष लागत नसे.

२००४ साली फोन आला. "मॅडम, मी येतेय. तुमच्याकडेच."

बाई अशा हरखल्या की विचारू नका! वरची खोली रंगवून घेतली, नवं टेबल आणलं, सिस्टर ज्ञानेश्वरीला दहादा सांगितलं, "आता सुटले गो मी!"

इकरा रिक्षातून उतरली ती सातव्या महिन्याचं पोट सावरत. पहिलं बाळंतपण माहेरी, त्या रीतीने पोर आली होती. "राहीन अम्मीकडे हर्णेला, पण बाळंतपण तुमच्याच हातून," म्हणाली. अख्खा जन्म बाळंतपणं करण्यात गेला, आणि बाईंना नेमकं हेच सुचू नये! त्या हसल्या, चहा सांगितला. ज्ञानेश्वरीने वरच्या खोलीला गुपचूप कुलूप लावलं.

मुलगी झाली, लालबुंद, टवटवीत. चाळीस दिवसांचं न्हाणं झालं आणि नवरा यासीन मायलेकींना न्यायला आला. निघताना दोघी बाईंना भेटायला आल्या. बाईंनी बाळ मांडीवर घेतलं, त्याची खालची पापणी जराशी ओढून आतली लाली बघितली, आणि इतकी वर्षं अडकलेलं एकदम बाहेर पडलं. "राहतेस का गो इथे? मला तू हवी होतीस."

इकरा रडायलाच लागली. "तेव्हा एकदा म्हणाला असतात ना मॅडम, तर मी गेलेच नसते."

बाहेर यासीन रिक्षात सामान लावत होता. बाळ परत द्यायचं, तर बाईंचे हात काही पुढे होईनात.