गच्चीवरचा मासा

आयुष्यभर लोकांच्या पायाखालच्या जमिनी सपाट केलेले फरशीवाले आजोबा बढाई मात्र एकच मारत. मोठ्या गोदामाच्या गच्चीवर फुटक्या निळ्या फरश्यांचा वीस हात लांब मासा आपण बसवलाय, असं ते सांगत. गच्चीला कायम कुलूप असल्याने तो कुणी पाहिला नव्हता. आजी चाळीस वर्षं म्हणत आली होती, "कुलपाआड काय, हत्तीसुद्धा बसवता येतो."

परवा सूनबाईने संगणकावर उपग्रहावरून काढलेले फोटो उघडले. गोदामाची गच्ची मोठी करत नेली, तसा मासा स्पष्ट दिसू लागला. आजोबांनी चष्मा तेवढा दोनदा पुसला.

आजी पडद्याला नाक लावून बघत होती. "अहो, पण याला डोळा कुठाय?"

"डोळा हातात घेतला आणि तुझ्या भावाचा निरोप आला, आपल्याला मुलगा झाला म्हणून. थापी तिथेच टाकून दवाखान्यात आलो."

"मग दुसऱ्या दिवशी जायचं की!"

"गेलो होतो. कुलूप लागलं होतं."

आजी सूनबाईकडे वळली. "शेजारणीला हाक मार. म्हणावं, आमच्या यांचा मासा बघून जा. डोळ्याचं मी सांगते तिला."